जास्वंदीवरचा कापूस आणि मुंग्यांची रांग

गणपती गावाला गेले की आमच्या सोसायटीतल्या जास्वंदीकडे कोणी बघत नाही. त्याआधीचे दहा दिवस पहाटे सहाच्या आत फुलं कोणी तोडली यावरून कुरबुर चालते. अनंत चतुर्दशी झाली की झाडाला पाणी घालायलाही कोणी फिरकत नाही. मग दिवाळीच्या साफसफाईत कोणाच्या तरी नजरेला पडतं की शेंडे आखडलेत, कळ्या न उमलताच गळतायत आणि देठांच्या बेचक्यात वाती वळून उरलेला कापूस चिकटवावा तसं काहीतरी पांढरं दिसतंय. "बुरशी लागली," असं निदान होतं. दुकानातून बुरशीनाशकाची पुडी येते, फवारणी होते आणि पंधरा दिवसांनी कापूस दुप्पट झालेला असतो.

होणारच, कारण ती बुरशी नाहीच. काडीने तो कापूस जरा बाजूला करा. आत तीन-चार मिलिमीटरचा, मऊ, गुलाबीसर किडा दिसेल. चिरडला तर गुलाबी पाणी निघतं. हा पिठ्या ढेकूण. नाशिक-सांगलीच्या द्राक्षपट्ट्यात याला सरसकट 'मिलीबग' म्हणतात. तासगावच्या मामांना मी जास्वंदीचा फोटो पाठवला, तर त्यांचं एका ओळीचं उत्तर आलं: "हा तर आमचा गिऱ्हाईक, तुमच्याकडे काय करतोय?" मामांचं खरं होतं. द्राक्षाच्या घडात शिरून बागायतदाराला रडवणारी गुलाबी पिठ्या ढेकणाची जात आणि जास्वंदीचे शेंडे आखडवणारी जात एकच. जास्वंदीवर कपाशीवरचा पिठ्या ढेकूणही येतो, पपईवरचाही येतो. पण आपल्या कामासाठी तिघांचा स्वभाव सारखाच आहे.

झाडाच्या अंगात सोंड खुपसून रस पिणाऱ्या सगळ्या किडींना 'रसशोषक किडी' म्हणतात. गुलाब-शेवंतीवरचा मावा, आंब्याच्या मोहोरावरचे तुडतुडे, पानामागे उडणारी पांढरी माशी, कढीपत्त्याच्या नाहीतर सोनचाफ्याच्या फांदीवर तपकिरी टिकल्यांसारखी बसलेली खवले कीड, ही सगळी त्याच कुळातली मंडळी. पान कुरतडणारी अळी दिसते, तिने पाडलेली भोकं दिसतात. रसशोषकांचं तसं नसतं. पान अखंड असतं, आणि झाड मात्र खंगत जातं.

झाडातली डबेवाल्यांची लाइन

झाडाच्या आत दोन प्रकारच्या नळ्या असतात. एक खालून वर पाणी नेते, आपल्या इमारतीच्या पाण्याच्या पाइपसारखी. दुसरी मुंबईच्या डबेवाल्यांसारखी. पान हे स्वयंपाकघर. तिथे उन्हात साखर तयार होते. ती साखर पाण्यात विरघळलेल्या रूपात मुळांना, कळ्यांना, नव्या पालवीला, जिथे भूक आहे तिथे पोचवायची असते. हे पोचवणं दुसऱ्या नळीतून चालतं. पिठ्या ढेकूण आणि मावा या दुसऱ्या नळीत सोंड घालतात. म्हणजे डबा वाटेतच उघडला जातो आणि कळीपर्यंत पोचतच नाही. कळी गळते ती यामुळे.

गंमत अशी की त्यांना ओढून प्यावं लागत नाही. या नळीतला दाब गाडीच्या टायरमधल्या हवेच्या दाबाच्या काही पट असतो. सोंड योग्य जागी बसली की रस आपोआप आत येतो. शास्त्रज्ञांनी रस पीत बसलेल्या माव्याची सोंड मुळापासून कापून बघितलेली आहे. किडा बाजूला केला तरी झाडात रुतून राहिलेल्या त्या केसाएवढ्या नळीतून रसाचे थेंब येतच राहतात. झाडातला शुद्ध रस तपासायला मिळवण्याची ही एक मान्य पद्धतच आहे.

पण या जेवणात एक मोठी खोट आहे. रसात साखर भरपूर, आणि अंग वाढायला लागणारी प्रथिनांची सामग्री अगदी थोडी. तुम्हाला कोणी रोज फक्त उसाचा रस देऊन "यातूनच काय ते प्रोटीन काढ" म्हटलं तर काय कराल? बादल्याच्या बादल्या प्याल आणि साखर टाकून द्याल. पिठ्या ढेकूण नेमकं तेच करतो. माव्याने तर पोटात जीवाणूच पाळलेत. रसात जी सामग्री मिळत नाही तिच्यातली बरीचशी ते बनवून देतात. तरीही साखर उरतेच. ती मागच्या बाजूने गोड, चिकट थेंबांच्या रूपात बाहेर पडते. साखर कारखान्यातून मळी निघते तसं समजा, फक्त इथे मळीच जास्त.

झाडाखाली गाडी लावल्यावर काचेवर जे चिकट ठिपके पडतात आणि वायपर फिरवला की काच आणखीच धुरकट होते, ते बऱ्याचदा हेच. "झाडातून डिंक गळतो," असं लोक म्हणतात. वर मान करून पानांची खालची बाजू बघा.

पानावरची काजळी हाही याच गोड द्रवाचा खेळ. काळी बुरशी पानावर पडलेल्या साखरेवर वाढते. पानाच्या आत ती शिरत नाही. म्हणून ओल्या फडक्याने पुसली की निघते. बुरशीनाशकाचा उपयोग झालाच तर या काळ्या थरापुरता होईल, आणि तो थर किडी गेल्या की आपोआप थांबतो. रोग एकीकडे आणि औषध दुसरीकडे, असा प्रकार आमच्या सोसायटीत तीन वर्षं चालला होता.

आधी मुंग्या बघा

या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती मुंग्यांची रांग. झाडावर कापूस दिसायच्या दोन-तीन आठवडे आधी खोडावर मुंग्यांची वर-खाली ये-जा सुरू झालेली असते. आपण म्हणतो, "असू देत, मुंग्याच तर आहेत."

त्या गोड थेंबांसाठी येतात. पण नुसतं घेऊन जात नाहीत, राखणही करतात. गवळी गाईची करतो तशी. मिशांनी किड्याला थोपटतात, तो थेंब सोडतो, मुंगी तो पिते. बदल्यात किडे खाणारा एखादा भुंगेरा किंवा त्यांच्यात अंडी घालणारी बारीक माशी आली की मुंग्या तिला हुसकतात. काही जातींच्या मुंग्या पिल्लांना तोंडात धरून नव्या कोंबावर नेऊनही ठेवतात. शिवाय गोड द्रव उचलला गेल्यामुळे किडे स्वतःच्याच चिकट घाणीत रुतून मरत नाहीत. मुंग्या म्हणजे या किडींच्या राखणदारही झाल्या, सफाई कामगारही झाल्या आणि टेम्पोही झाल्या.

म्हणून पहिला इलाज झाडावर नव्हे, मुंग्यांच्या वाटेवर करायचा. मुंग्या मारायची गरज नाही; त्यांचा रस्ता तोडला तरी पुरतो. आजी साखरेचा डबा पाणी घातलेल्या ताटलीत ठेवायची, तीच युक्ती. कुंडी तीन विटांवर ठेवून विटा पाण्याच्या ताटलीत, असं केलं की मुंग्या चढत नाहीत. (पाणी दर दोन-तीन दिवसांनी ओतून टाका, नाहीतर ढेकणाच्या जागी डास पाळाल.) जमिनीतल्या झाडाला खोडाभोवती कापडी पट्टी किंवा चिकटपट्टी घट्ट गुंडाळून तिच्यावर ग्रीस नाहीतर व्हॅसलीन फासायचं. थेट सालीवर फासू नका, साल गुदमरते. आणि सगळ्यात जास्त चुकतं ते इथे: झाडाची एखादी फांदी भिंतीला, ग्रिलला किंवा शेजारच्या झाडाला टेकलेली असते. खालचा दरवाजा बंद केला आणि गच्चीचं दार सताड उघडं, असं होतं. टेकणारी फांदी छाटा.

कुंडीतल्या मातीतच मुंग्यांचं वारूळ झालं असेल तर कुंडी उलटी करून मुळं एकदा बघा. मुळांवरही पांढरे ठिपके असतील तर तिथेही हाच व्यवसाय चालू आहे, आणि वरून केलेली कुठलीही फवारणी तिथवर पोचणार नाही. माती बदलावी लागेल.

एकाचे पाचशे कसे होतात

मावा हा या बाबतीत चमत्कारिक प्राणी आहे. वर्षातला बराच काळ, आणि आपल्याकडच्या उबदार हवेत तर बहुतेक वेळ, त्याला नराची गरज लागत नाही. मादी थेट जिवंत पिल्लं देते, त्या पिल्लांच्या पोटात जन्मतःच पुढची पिढी वाढू लागलेली असते. लग्नात मिळणारे एकात एक बसणारे स्टीलचे डबे आठवा. आठ-दहा दिवसांत पिल्लू स्वतः आई होतं. सोमवारी कळीवर पाच मावे होते आणि पुढच्या रविवारी कळी दिसेनाशी झाली, यात अतिशयोक्ती काही नाही.

पिठ्या ढेकणाची तऱ्हा वेगळी. गुलाबी जातीची मादी मेणकट कापसाची पिशवी विणते आणि तिच्यात काही शे अंडी घालते. नराला पंख असतात, तोंड नसल्यातच जमा. तो दोन-चार दिवस जगतो आणि जातो. मादी मात्र सगळी पिशवी भरेपर्यंत बसून राहते. अंड्यातून निघालेलं पिल्लू सुरुवातीला उघडं असतं, त्याच्या अंगावर मेण नसतं, आणि ते रांगत नवी जागा शोधतं. वाऱ्याने, मुंग्यांनी, माळीकाकांच्या कात्रीने, इतकंच काय, आपल्या ओढणीनेही ते दुसऱ्या कुंडीत जातं.

हे एवढ्यासाठी सांगितलं की फवारणी का फसते ते इथे कळतं. अळूच्या पानावर पाण्याचा थेंब कसा मोत्यासारखा घरंगळतो? तसंच मेण या किड्याच्या अंगावर आणि अंड्यांच्या पिशवीवर असतं. औषध कितीही जहाल असो, ते अंगाला लागलं तर काम करणार. मोठ्या मादीवरून ते ओघळून जातं, अंड्यांपर्यंत पोचत नाही. मरतात ती फक्त उघडी पिल्लं. आठवड्याभरात अंड्यांतून नवी पिल्लं बाहेर येतात आणि आपण म्हणतो, "औषधात भेसळ आहे." भेसळ औषधात नसते, आपण एकदाच मारून थांबलेलो असतो.

माझ्याच झाडावर का आली?

दोन कारणं बहुतेक ठिकाणी सापडतात.

एक, खत. फुलं यावीत म्हणून लोक प्रेमाने युरिया, डीएपी, पेंडीचं पाणी दर आठवड्याला घालतात. झाड तरतरीत दिसतं, पालवी लुसलुशीत होते. आता मघाचा हिशोब आठवा: रसात प्रथिनांची सामग्री कमी असते हीच किड्याची अडचण. या खतांतलं नत्र, म्हणजे नायट्रोजन, जास्त झालं की झाडाच्या रसात तीच सामग्री वाढते, आणि कोवळ्या कोंबाची साल सोंडेला मऊ लागते. आपण वाढदिवसाला झाडाला केक देतो आणि तो खातो पाहुणा. कुंडीतल्या जास्वंदीला महिन्यातून एकदा मूठ-दोन मुठी चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत पुरतं. फुलं कमी येतील असं वाटत असेल तर ऊन मोजा. जास्वंदीला पाच-सहा तास थेट ऊन लागतं, आणि बाल्कनीतल्या निम्म्या जास्वंदींची तक्रार उन्हाची असते, खताची नसते.

दुसरं कारण, शत्रूंचा अभाव. पिठ्या ढेकूण आणि मावा खाणारे जीव निसर्गात भरपूर आहेत. पण ते धुळीने, फवारण्यांनी आणि आपल्या अती स्वच्छतेने हटतात. रस्त्याकडेच्या झाडांवर किडी जास्त दिसतात त्यात धुळीचा वाटा आहे. पानं धुतली की निम्मं काम होतं, हे खेड्यातल्या माणसाला पावसाळ्यात आपोआप कळतं: धो धो पाऊस लागला की मावा आणि पिठ्या ढेकूण दोन्ही धुऊन जातात. पाऊस थांबून ऑक्टोबरचा उकाडा सुरू झाला की परत येतात. हिवाळ्यात आभाळ भरून राहिलं की वर्तमानपत्रात "ढगाळ हवामानामुळे माव्याचा प्रादुर्भाव" अशी बातमी येते तीही यातलीच. सौम्य, दमट हवा माव्याला मानवते आणि धुऊन काढणारा पाऊस तर नसतोच.

मुंबईत गेल्या दशकात मोठमोठे पर्जन्यवृक्ष उभ्याउभ्या वाळले तेव्हाही बोट पिठ्या ढेकणाकडे दाखवलं गेलं. मला त्यात ढेकूण एकटा गुन्हेगार वाटत नाही. बुंध्यापर्यंत काँक्रीट, मुळांना ना पाणी ना हवा. अशा दमलेल्या झाडावर किडींचं फावतंच. कुंडीतही हेच होतं. सहा वर्षं त्याच दहा इंची कुंडीत कोंबलेली जास्वंद आणि रस्त्यावरचा तो वृक्ष, दोघांचं दुखणं एकाच जातीचं आहे.

मग करायचं काय

आखडलेले शेंडे, कापसाने भरलेल्या फांद्या सरळ छाटा. जास्वंद छाटणीने रागावत नाही, उलट नवी फुटते. छाटलेलं कंपाऊंडच्या पलीकडे भिरकावू नका. प्लास्टिकच्या पिशवीत भरून, तोंड बांधून दोन दिवस उन्हात ठेवा, मग कचऱ्यात. कात्री साबणाच्या पाण्याने पुसा.

मग पाण्याचा जोरदार फवारा, पानांच्या खालून. नळीच्या तोंडावर अंगठा धरून मारतो तसा. माव्यासाठी बऱ्याच वेळा एवढंच पुरतं, कारण खाली पडलेला मावा सोंड मोडून पडतो आणि परत चढून जेवायला बसणं त्याला क्वचितच जमतं.

त्यानंतर साबण. एक लिटर पाण्यात चमचाभर, म्हणजे साधारण 5 मिली, सौम्य द्रव साबण. साबण मेणाचा थर फोडतो आणि पाणी किड्याच्या अंगाला चिकटतं. कपड्यांची पावडर वापरू नका, पानं भाजतात. कडुनिंबाचं तेल घालायचं असेल तर लिटरला 5 मिली, आणि ते साबणात आधी घोटून मग पाण्यात मिसळायचं. नाहीतर तेल वर तरंगत राहतं आणि पहिल्या अर्ध्या फवाऱ्यात नुसतं पाणी, शेवटच्या अर्ध्यात नुसतं तेल जातं. निंबोळ्या मिळत असतील तर त्यांची 50 ग्रॅम भरड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून वापरा. शेतकरी 5 टक्के निंबोळी अर्क म्हणतात तो हाच. कडुनिंबातला मुख्य घटक किड्याला लगेच मारत नाही. तो त्याची भूक आणि कात टाकणं बिघडवतो, म्हणून दुसऱ्या दिवशी "काहीच झालं नाही" म्हणून नाराज होऊ नका. तो घटक उन्हात लवकर विरतो आणि तेल लावलेलं पान उन्हात करपतं, या दोन्ही कारणांनी फवारणी संध्याकाळीच. आधी दोन-चार पानांवर मारून एक दिवस थांबा.

आणि सात-आठ दिवसांनी पुन्हा. त्यानंतर पुन्हा. तीन वेळा. अंड्यांतून निघणारी नवी पिल्लं उघडी असतानाच गाठायची आहेत, एवढं डोक्यात ठेवलं की वेळापत्रक आपोआप पाळलं जातं. पाच-दहाच किडे असतील तर फवारणीचा घाट घालू नका. कान साफ करायची काडी सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवून एकेकाला टेकवा. टीव्ही बघता बघता होणारं काम आहे.

"एकदाच जालीम औषध मारलं तर?"

हा प्रश्न प्रत्येक वेळी येतो, आणि तो चुकीचा नाही. बाजारात आंतरप्रवाही कीटकनाशकं मिळतात. आंतरप्रवाही म्हणजे झाड ते शोषून घेतं आणि रसासोबत सगळीकडे पोचवतं. मग मेणाचा प्रश्नच उरत नाही, किडा पिऊन मरतो. इमिडाक्लोप्रिड हे त्यातलं सर्वांत ओळखीचं नाव. काम करतं, यात शंका नाही.

पण "सगळीकडे" या शब्दात फूलही येतं. जास्वंदीचं फूल आपण देवाला वाहतो, तेलात उकळून केसांना लावतो, अलीकडे तर चहा करून पितो. मधमाशा आणि शिंजीर त्याच फुलात तोंड घालतात. मधमाशांना होणाऱ्या धोक्यावरून युरोपीय संघाने 2018 मध्ये इमिडाक्लोप्रिडसह या गटातल्या तीन औषधांचा उघड्यावरचा वापर बंद केला. शिवाय विष प्यायलेला ढेकूण खाणारा भुंगेराही मरतो, आणि याच औषधानंतर पानांवर लाल कोळी, म्हणजे रस पिणारी आणखी एक बारीक कीड, उसळल्याची उदाहरणं बऱ्याच पिकांत नोंदली गेली आहेत. एक पाहुणा गेला, दुसरा आला. मामा द्राक्षात रासायनिक औषधं वापरतात, पण ते लेबल वाचून, काढणीच्या किती दिवस आधी थांबायचं ते मोजून. बाल्कनीत आपण अंदाजपंचे झाकणाने मोजतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच झाडाचं फूल देव्हाऱ्यात ठेवतो. फुलं वापरत असाल तर हे औषध जास्वंदीला नको, असं माझं सरळ मत आहे.

"मग तंबाखूचं पाणी, हळद, हिंग?"

तंबाखूचं पाणी चालतं, कारण त्यात निकोटिन असतं, आणि निकोटिन हे नैसर्गिक असलं तरी जालीम विष आहे. त्वचेतून अंगात जातं. वर आणखी एक भानगड: तंबाखूतून एक विषाणू टोमॅटो-मिरचीच्या कुंड्यांत जाऊ शकतो. त्यापेक्षा साबण बरा. हळद-हिंगाने काही बिघडत नाही, आणि मला तरी त्याने काही सुधारलेलं दिसलं नाही. ताकाचंही तेच. राख भुरभुरली तर पिल्लांची वाट थोडी अडते, पण पहिल्या पाण्याबरोबर ती धुऊन जाते.

"किडे खाणारे किडे खरंच उपयोगी पडतात?"

याचं उत्तर द्यायला कॅरिबियन समुद्रात जावं लागेल. 1994 मध्ये ग्रेनेडा बेटावर आपला हाच गुलाबी पिठ्या ढेकूण पोचला. तिथे त्याला खाणारं कोणी नव्हतं. जास्वंदीची कुंपणं, शोभेची झाडं, फळझाडं धडाधड गेली; मग तो त्रिनिदाद आणि आसपासच्या बेटांवर पसरला. औषधांनी तो आवरेना. शेवटी त्याचे शत्रू मागवले गेले. एक परोपजीवी माशी, जी ढेकणाच्या अंगातच अंडी घालते, आणि क्रिप्टोलेमस नावाचा भुंगेरा, जो भारतातून पाठवला गेला. बेटं सावरली.

हा क्रिप्टोलेमस मुळात ऑस्ट्रेलियाचा. 1898 मध्ये तो दक्षिण भारतात कॉफीवरच्या खवले किडीसाठी आणला गेला, आणि मग ढेकूण खात इथलाच झाला. आज द्राक्षबागांसाठी तो प्रयोगशाळेत वाढवून सोडतात. घरच्या चार कुंड्यांसाठी तो विकत आणायचा खटाटोप करू नका; सोसायटीत फवारण्या थांबल्या तर बऱ्याचदा तो स्वतः येतो.

आपल्याकडचं दुसरं उदाहरण ताजं आहे. 2008 मध्ये कोइमतूरला पपईवरचा परदेशी पिठ्या ढेकूण सापडला आणि दोनेक वर्षांत पपई, तुती, टॅपिओका, जास्वंद अशा कितीतरी झाडांवर पसरला. महाराष्ट्रातल्या पपईच्या बागाही सुटल्या नाहीत. 2010 मध्ये बेंगळुरूच्या कृषी कीटक संस्थेने प्यूर्टो रिकोहून परोपजीवी माशांच्या तीन जाती आणल्या. त्यातली एक सर्वांत भारी ठरली. तिची लांबी मिलिमीटरच्याही आत. तिने जे केलं ते औषधांच्या टँकरांनी झालं नव्हतं.

रस पिणाऱ्या किडीची ताकद किती, याचा उलटा पुरावाही भारतातच आहे. फड्या निवडुंगाने एके काळी माळच्या माळ गिळले होते. 1926 मध्ये त्यावर पिठ्या ढेकणाचीच एक चुलत जात, कोचिनील, मुद्दाम सोडली गेली. निवडुंगाची रानं तिने पिऊन संपवली. आणि बांगड्यांची लाख देणारा किडाही याच कुळातला, हे सांगितलं की आमच्या इथल्या बायका जरा थबकतात.

एक घोटाळा

क्रिप्टोलेमसची अळी हुबेहूब पिठ्या ढेकणासारखी दिसते. पांढरी, मेणाच्या झालरी सुटलेली. शिकारी आपल्या भक्ष्याचंच सोंग घेऊन वावरतो, त्यामुळे मुंग्याही बऱ्याचदा फसतात. मग माणसं फसली तर नवल नाही; साबणाच्या फवाऱ्यात सगळ्यात आधी बिचारा हाच जातो. फरक करायचा असेल तर आकार बघा: पूर्ण वाढलेली अळी ढेकणाच्या तिप्पट लांब असते आणि झालरी लांब, अस्ताव्यस्त असतात. काडी लावली की ढेकूण जागचा हलत नाही, अळी चालायला लागते. मोठा भुंगेरा काळपट, मुगाच्या दाण्याएवढा, डोकं नारिंगी.

गेल्या नोव्हेंबरात मी फवाऱ्याची बाटली घेऊन खाली उतरले, तेव्हा तळमजल्यावरच्या आजी जास्वंदीपाशी चष्मा पुसत उभ्या होत्या. "अगं, थांब जरा," म्हणाल्या, "हा कापूस पळतोय." फांदीवर पाच-सहा अळ्या होत्या. खोडावरच्या ग्रीसच्या पट्टीखाली मुंग्या ताटकळत फेऱ्या मारत होत्या. बाटली तशीच परत नेली, त्यातल्या पाण्याने जिन्यातली फरशी पुसून घेतली.